वेणूबाईंचे अकरा सेकंद

हौसेराव जोंधळे आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना कुणी किती वाजले विचारलं तर ते लगेच उत्तर देत नाहीत. आधी जरा थांबतात, मान किंचित कलती करतात आणि मग सांगतात, सात वाजून दहा मिनिटं, आत्ता. तो 'आत्ता' ते नेमका सेकंदावर टाकतात. विचारणारा बहुतेक दूधवाला असतो. त्याला सातच्या आसपास एवढं कळलं तरी पुष्कळ असतं. पण हौसेरावांकडे आसपासची वेळ मिळत नाही.

मी विलास सामंत, या सोसायटीचा सेक्रेटरी. विमा कंपनीत पस्तीस वर्षं फायली सांभाळल्या, आता कोपरखैरण्यातल्या चोवीस बिऱ्हाडांना सांभाळतो. मी तापट आहे असं लोक म्हणतात. गाड्या पार्किंगच्या रेषेबाहेर लावायच्या आणि वर सेक्रेटरीला तापट म्हणायचं, अशी ती माणसं. हौसेरावांची नि माझी ओळखसुद्धा नोटिशीनंच झाली. आठ वर्षांपूर्वी त्यांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एका पाइपावर उपड्या वाटीसारखी पांढरी वस्तू बसवली आणि तिची काळी वायर भिंतीवरून स्वतःच्या खिडकीत नेली. मी लेखी कळवलं की विनापरवाना उपकरण सात दिवसांत काढावे. सातव्या दिवशी नोटीस हातात घेऊन ते दारात उभे. काढतो म्हणाले, पण आधी एकदा बघून जा.

बघायला म्हणून गेलो तो दोन तास तिथंच बसलो.

त्यांच्या आतल्या खोलीत खिडकीपाशी एक लोखंडी टेबल आहे. त्यावर जेवणाच्या डब्याएवढी एक करडी पेटी. जुन्या मोबाइल टॉवरच्या भंगारात तुर्भ्याला मिळालेली. पेटीवर एक लाल ठिपका दर सेकंदाला लुकलुकतो. हौसेरावांनी मला समजावलं ते असं. पेटीच्या पोटात एक स्फटिक आहे, तो सेकंदाला एक कोटी वेळा थरथरतो. गरम ठेवला तर शहाण्यासारखा वागतो, म्हणून त्याच्याभोवती छोटी भट्टी. तरीही एकटा सोडला की हळूहळू भरकटतो. वर आकाशात उपग्रह फिरतात, त्यांच्यात अणुघड्याळं असतात. गच्चीवरची वाटी त्यांचं ऐकते आणि इथं खाली या स्फटिकाचा कान धरते. त्यांच्या भाषेत तो ऑसिलेटर. त्यांच्या बायकोच्या, वेणूबाईंच्या भाषेत पेटी.

"आत्ता आपल्या डोक्यावर नऊ आहेत," हौसेराव वर बघत म्हणाले होते. वर पंखा होता. तरी मी पण वर बघितलं.

नोटीस मी मागे घेतली. मिनिट्समध्ये लिहिलं, सदर उपकरण निरुपद्रवी आढळले.

जोंधळे मूळचे परभणीकडचे. शाळेत घालताना जन्मतारीख मास्तरांनी ठरवली. आईला जन्मवेळ विचारली तर ती सांगायची, ज्वारीचं खळं चालू होतं आणि सकाळची मोटार नुकतीच गेली होती. ती मोटार रोज वेगळ्या वेळी यायची. पुढं तळोज्याला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून तेहतीस वर्षं काढली. तिथं तीन कंट्रोल रूम, तीन घड्याळं नि तीन वेळा. आधी व्हॉल्व्ह बंद केला की आधी अलार्म वाजला यावरून शिफ्ट बदलताना माणसं भांडायची, आणि आपापल्या घड्याळाप्रमाणे दोघंही खरंच बोलत असायची. तेव्हापासून हौसेरावांनी मनात घेतलं होतं की वाद घालता येणार नाही असं एक तरी घड्याळ आपल्या घरी असावं. निवृत्तीनंतर ते झालं.

मग रोज सकाळी सात वाजता एक विधी सुरू झाला. वेणूबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचं चावीचं एक लहानसं लेडीज घड्याळ होतं, पहिल्या पगारातलं. नाडी मोजायची सवय, म्हणून त्या ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. निवृत्त झाल्यावरही तसंच. सातला हौसेराव ते मागून घ्यायचे, एका छोट्या माइकवर ठेवायचे, खोलीभर त्याची टकटक ऐकू यायची आणि पेटीच्या ठोक्याशी ताडून ते वहीत लिहायचे, कालच्यापेक्षा किती सेकंद पुढं, किती मागं. मिनिटभराचं काम. वेणूबाई तोवर उजव्या हातानं डावं मनगट चोळत उभ्या राहायच्या.

ते घड्याळ रोज अकरा सेकंद पुढं जायचं. कधी साडेदहा, कधी साडेअकरा, पण अकराच्या भोवतीच. मागचं झाकण उघडून आतला बारीक काटा केसभर सरकवला की संपलं, एवढं ते सोपं होतं. हौसेरावांचा हात शिवशिवायचा. पण वेणूबाई हात लावू द्यायच्या नाहीत.

"राहू द्या की. अकरा सेकंदानं कुणाचं काय अडलंय?" त्या म्हणायच्या.

वहीत शेवटी शेरा म्हणून एक रकाना होता. तो बहुतेक कोराच. वेणूबाई मुलीकडे गेल्या की घड्याळही जायचं, मग तिथं लिहिलेलं असायचं, वेणू नाशिकला, नोंद नाही. चार-आठ दिवसांनी पुन्हा अकरा नि शेऱ्यात दोन शब्द, वेणू घरी.

दोन वर्षांपूर्वी वेणूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठवडाभरात आटोपलं. सगळी सोसायटी हळहळली. इंजेक्शन म्हणू नका, बीपी म्हणू नका, आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या दंडावर त्यांचा हात फिरलेला.

घड्याळ हौसेरावांनी फळीवर उताणं ठेवलं. चावी देत राहिले, सातला नोंद घेत राहिले, कारण सवय. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ते आता पुढं जात नाही. रोज चार सेकंद मागं पडतंय. आधी त्यांना वाटलं बिघडलं. मग उमगलं. चावीचं घड्याळ कसं ठेवलंय यावर त्याची चाल ठरते. उताणं एक चाल, पालथं दुसरी, उभं तिसरी, गारव्यात आणखी वेगळी. वेणूबाईंच्या मनगटावर ते दिवसभर जसं हलायचं, वळायचं, ऊब खायचं, त्या सगळ्याची मिळून चाल अकरा होती. घड्याळ होतं तसंच होतं. हात गेला होता.

मग या माणसानं काय केलं, तर वेणूबाईंचा दिवस परत मांडायला घेतला. पेटीचं झाकण बारा महिने कोमट असतं, मनगटाइतकंच. घड्याळ त्यावर ठेवलं. कडेला खाचा पाडून लाकडाचा एक ठोकळा केला, म्हणजे हवं तसं उभं, तिरकं, पालथं ठेवता येईल. आणि आठवत बसले. ती पावणेसहाला उठायची, आधी चावी. सव्वासहाला बुद्धवंदना, तेव्हा हात जोडलेले, म्हणजे घड्याळ उभं. मग स्वयंपाक, पीठ मळणं, निवडणं. दुपारी डाव्या कुशीवर, हात गालाखाली. संध्याकाळी बोनकोडे गावाच्या अंगानं फेरी, हात हलवत. रात्री घड्याळ काढून कपाटाच्या किल्लीला टांगायची. ते एकेक आठवायचे, तसं ठेवायचे आणि सकाळी वहीत बघायचे. उणे चारावरून शून्यावर आलं, मग अधिक तीन. काही महिन्यांनी अधिक आठ. आठावर अडकलं. तीन सेकंद काही केल्या सापडेनात.

ते सापडले अस्मिताकडे, त्यांच्या मुलीकडे. नाशिकहून फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणाली की आई दुपारी कुठं झोपायची, चार ते पाच ती रोज माझ्याशी बोलत बसायची, तुमच्या घोरण्याचा आवाज मला इकडे यायचा. बत्तीस वर्षांच्या संसारानंतरही बायकोचा एक तास हौसेरावांना माहीत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून चार ते पाच घड्याळ उभं, चावी खाली, फोन कानाला धरल्यावर मनगट असतं तसं. आठवडाभरात चाल अकरावर आली.

त्यानंतर ते रोज तिचा दिवस पाळत. घड्याळ अकरा सेकंद पुढं जात राहिलं, म्हणजे ती रोज पावणेसहाला उठत राहिली. त्या माणसाला आणखी काही नको होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी जे केलं ते केलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात हौसेरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अस्मितानं हट्टच धरला की ऑपरेशन नाशिकला, पंधरा दिवस माझ्याकडे. निघायच्या आदल्या दिवशी ते किल्ली घेऊन माझ्याकडे आले. कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं एक वेळापत्रक मला दिलं. त्यात वेळा होत्या आणि घड्याळ कधी कसं ठेवायचं ते होतं. बाकी काही नाही.

"सामंतसाहेब, एवढं सांभाळा. दुसऱ्या कुणाला सांगवत न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं काहीतरी प्रयोग असेल. मी होकार दिला, कारण मी त्यांचं देणं लागत होतो, पैशाचं नव्हे. पावसाळ्यात सोसायटीचा पंप रोज कोरडा फिरायचा तेव्हा हौसेरावांनी आठ दिवस पहाटे गच्चीवर बसून नळाला पाणी नेमकं केव्हा येतं ते टिपलं होतं आणि टायमर लावून दिला होता. आभाराचं पत्र द्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

तर मी पावणेसहाला उठून दोन जिने चढायला लागलो. बावीस वेळा चावी. सव्वासहाला उभं. साडेसहापासून दर अर्ध्या तासानं ठोकळा फिरवायचा. सातला माइक, पेटीशेजारच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा वहीत. संध्याकाळी साडेपाचला घड्याळ मुठीत धरून चाळीस मिनिटं चालायचं, हे तर कहर होतं. बोनकोड्याच्या गल्लीतून लेडीज घड्याळ हातात घेऊन हात हलवत जाणारा सेक्रेटरी लोकांनी पाहिला. दोघांनी विचारलं, सापडलं का कुठं. मी त्यांना मेंटेनन्सची आठवण करून दिली.

पण खोटं कशाला बोलू, चौथ्या दिवसापासून मला ते आवडायला लागलं. दुपारी चारला तिथं खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला असायचा, ऊन टेबलाच्या पायाशी आलेलं. लाल ठिपका लुकलुकत राहायचा. खालून भाजीवाल्याची हाक यायची ती फार लांबून आल्यासारखी. घड्याळ उभं करून मी खुर्चीत टेकायचो आणि तासभर तिथंच राहायचो, झोपेत नाही नि जागाही नाही. पेटीच्या झाकणावर हात ठेवला की कोमट लागायचं. घरात कुणीतरी वावरतंय, आत्ता आतून बाहेर येईल, असं वाटायचं. भीती वाटायची नाही. उलट निघताना मी दोनदा 'येतो' म्हणालो.

चूक झाली ती माझ्या सेक्रेटरीपणातून. वही समोर होती आणि जुनी नोंदवही दिसली की मी ती चाळणारच. दोन वर्षांमागे उणे चार. मग अधिक तीन. मग अधिक आठ. आता अधिक अकरा. मला त्यातून सरळ अर्थ लागला, घड्याळ महिन्यागणिक बिघडत चाललंय आणि बिचाऱ्याला मोतीबिंदूमुळं ते उघडून नीट करता येत नाहीये. त्याआधीची पानं मी पाहिली नाहीत. चालू वही पाहिली, आधीची कपाटात होती. पत्राऐवजी आभार मानायची ही संधी आहे असं मला वाटलं. किती छान वाटलं होतं ते अजून आठवतं.

वाशीला एका जिन्याखाली सिताराम नावाचा घड्याळजी बसतो. कामाला चोख, बोलायला तुटक. सकाळच्या नोंदीनंतर मी त्याच्याकडे गेलो. त्यानं घड्याळ त्याच्या मशिनवर उताणं ठेवलं नि मान हलवली.

"साहेब, मशीन तर स्लो दाखवतंय. मायनस चार. तुमी फास्ट बोलताय."

मी म्हटलं, रोज अकरा सेकंद फास्ट आहे. वहीत लिहिलंय. तो म्हणाला, वहीचं मला माहीत नाही, हे समोर दिसतंय ते बघा. पण लेखी नोंदीपुढं मी कुणाचं ऐकत नाही, आयुष्यभर ऐकलं नाही. अकरा मागे घे म्हणून मी बजावलं. त्यानं खांदे उडवले, झाकण उघडलं, भिंगातून बघत आतला काटा इतका कमी सरकवला की मला तो सरकलेला दिसलाच नाही, आणि झाकण लावलं. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

घरी येऊन मी वेळापत्रक पुन्हा सुरू केलं. दोन दिवसांनी सकाळी पडद्यावर आकडा आला, अधिक शून्य दशांश चार. मी तो वहीत ठळक लिहिला. इतका खूश झालो की संध्याकाळी वैजयंतीला, माझ्या बायकोला, वर घेऊन गेलो. तिला पेटी दाखवली, ठोकळा दाखवला, वहीतला माझा आकडा दाखवला. तिचं लक्ष भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकाकडे होतं. ती ते वरून खाली वाचत गेली. मग परत वरून.

"अहो, हा वेणूबाईंचा दिवस आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, कशावरून. तिनं बोट ठेवून दाखवलं. सव्वासहाला त्या वंदना करायच्या, खिडकीतून आपल्याला ऐकू यायची. साडेपाचला आम्ही दोघी बरोबरच फिरायला जायचो, बरोबर चाळीस मिनिटं. घड्याळ त्यांचंच आहे ना. मग तिनं वहीतली ती वर चढत गेलेली पानं पाहिली आणि मी काय केलंय ते माझ्या आधी तिला समजलं. जुन्या वह्या कपाटातून तिनंच काढल्या. पाच वर्षं, रोज, अकरा, अकरा, साडेदहा, अकरा, वेणू नाशिकला, वेणू घरी, अकरा.

हा माणूस दोन वर्षं खपून बायकोपर्यंत पोचला होता आणि मी भेट म्हणून ती पुसून टाकली होती.

त्या रात्री जेवताना मी वैजयंतीकडे बघत होतो. माझ्यावर असं वेळापत्रक लिहायची पाळी आली तर पाचसहा ओळींपुढं जाणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. मी विचारलं, तू चार ते पाच काय करतेस गं? ती म्हणाली, "का, नोटीस काढायची आहे?"

दुसऱ्या दिवशी वाशी गाठली. सिताराम म्हणाला, परत अकरा पुढं ढकलता येईल, पण तो पूर्वीचाच अकरा असेल याची गॅरंटी नाही, केसाएवढं हललं तरी दहा सेकंद फरक पडतो. आणि मला उमगलं की आता आणखी हात लावणं म्हणजे वहीत खोटी नोंद करण्यासारखं आहे. घड्याळ तसंच घेऊन परत आलो. उरलेले दिवस वेळापत्रक पाळलं.

हौसेराव काळा चष्मा लावून आले. अस्मिता त्यांना सोडून संध्याकाळीच परतली. मी दारातच सगळं सांगितलं, एका दमात, सितारामवर काही न ढकलता. चष्म्यामागं त्यांचे डोळे दिसत नव्हते.

"किती मागं घेतलं?"

अकरा, मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. मग चपला काढता काढता, "बरोबर चालतंय म्हणा की आता."

त्या वाक्यात राग असता तर मी परत फिरलो असतो. राग नव्हता. त्यांनी आत जाऊन चाचपडत पेटीवरचं घड्याळ उचललं आणि फळीवर उताणं ठेवून दिलं. ठोकळा खणात टाकला. वेळापत्रक भिंतीवरून काढलं. मी एवढंच विचारलं की सकाळची नोंद. डॉक्टरनी महिनाभर बारीक बघायचं नाही असं बजावलं होतं. ते म्हणाले, वही मधेच तोडू नये, तुमी घ्या वाटलं तर.

म्हणून मी जात राहिलो. सातला चावी द्यायचो, आकडा घ्यायचो, मोठ्यानं वाचायचो, लिहायचो. हौसेराव पलंगावर भिंतीला टेकून बसलेले असत. पहिल्या दिवशी उणे पंधरा दशांश एक. दुसऱ्या दिवशी उणे चौदा दशांश आठ. ते हूं म्हणायचे. दार उघडून दिलं की त्यांचं काम संपायचं. बिल्डिंगमध्ये कुणी किती वाजले विचारलं तर म्हणू लागले, सात वाजले असतील. हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. त्या घरातून नेमकी वेळ निघून गेली होती आणि ती मी घालवली होती.

पाचव्या दिवशी मी वाचलं, उणे पंधरा. ते हूं म्हणाले नाहीत.

"परत सांगा."

उणे पंधरा दशांश शून्य.

ते भिंतीपासून सरळ झाले. म्हणाले, दोन वर्षांमागची पानं काढा. वेणू गेल्यानंतर लगेचची. उताणं ठेवलं होतं तेव्हा किती? मी पान शोधून सांगितलं, उणे चार. आणि ऑपरेशनच्या आधी, तिचा दिवस पाळून? अधिक अकरा. आणि तुम्ही सितारामकडून आणल्यावर, तिचा दिवस पाळून? मी खाली बघत म्हणालो, शून्य. आणि आता उताणं? उणे पंधरा.

त्यांची बोटं मांडीवर हिशोब करत होती.

"सामंतसाहेब, मी येडा. पाच वर्सं अकराला वेणू समजत बसलो. अकरा घड्याळाचं होतं. वेणूचं पंधरा हाय."

मला कळलं नाही. त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आधी ती नसताना उणे चार नि ती असताना अधिक अकरा, मधे पंधरा. आता ती नसताना उणे पंधरा नि ती असताना शून्य, मधे पंधराच. सितारामनं काटा हलवला तेव्हा दोन्ही आकडे सारखेच हलले. मधलं अंतर त्याला हलवता आलं नाही. ते घड्याळात नव्हतंच. ते तिच्या उठण्याबसण्यात होतं.

"ती न्हाई तर पंधरा सेकंद मागं पडतंय," ते म्हणाले. "ती हाय तर बरोबर चालतंय."

चष्म्याखालून पाणी गालावर आलं. डॉक्टरनी डोळे ओले होऊ द्यायचे नाहीत असं सांगितलंय, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी खणातून ठोकळा काढला आणि माझ्यापुढं धरला.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आम्ही तिघं होतो. वैजयंतीनं वेळापत्रक नव्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं, आणि साडेपाचच्या फेरीला घड्याळ आपण नेणार, सेक्रेटरींनी नाही, असं जाहीर केलं. त्या फेरीत वेणूबाई कुठं थांबायच्या, कुणाशी बोलायच्या नि कोणत्या वळणावर हात कमरेवर ठेवायच्या, हे तिलाच तर माहीत होतं. हौसेराव ऐकत राहिले. त्यातलंही त्यांना बरंचसं नवीन होतं.

चोवीस तास असे गेले. त्यानंतरच्या सकाळी सातला मी घड्याळ माइकवर ठेवलं. खोलीभर टकटक पसरली, लाल ठिपका तिच्याबरोबर लुकलुकत राहिला. कितीतरी वेळ दोन्ही एकाच क्षणाला पडत होते. पडद्यावर आकडा आला.

"अधिक शून्य दशांश दोन," मी वाचलं.

हौसेरावांनी पेनसाठी हात पुढं केला. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. त्यांनी हात तसाच ठेवला. मग मी पेन दिलं आणि त्यांचा हात धरून ओळीच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यावर नेलं, जो दोन वर्षं कोरा होता. न बघता, पण सावकाश, एकेक अक्षर सुटं ठेवत त्यांनी लिहिलं, वेणू घरी.

बाहेर दूधवाला आला होता. त्यानं जिन्यातूनच विचारलं, किती वाजले काका. हौसेरावांनी मान किंचित कलती केली आणि जरा थांबले.